आमचं वाकडं पाऊल

आपलं पाऊल वाकडं पडतंय हे मला समजलं तेव्हा माझं वय बासष्ट होतं. ज्या वयात माणसाचं पाऊल वाकडं पडतं असं म्हणतात, त्या वयात मी डोंबिवलीहून आठ बाराची लोकल पकडत होतो, आणि त्या गाडीत वाकडंच काय, सरळ पाऊल टाकायलाही जागा नसे. आपलं पाऊल दुसऱ्याच्या पावलावर टाकायचं आणि तिसऱ्याचं आपल्या पावलावर घ्यायचं. सदतीस वर्षं हा जमाखर्च चोख ठेवून २०२३ साली मी बँकेतून निवृत्त झालो. घराचं कर्ज फिटलं होतं, मुलगा मार्गी लागला होता, सुनेला माझे विनोद पाठ झाले होते. आता कसं सगळं सरळ झालं म्हणेपर्यंत उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकल्याचं उघडकीला आलं.

हा शोध माझा नव्हे, पुतण्याचा. हल्लीच्या मुलांचा नमस्कार गुडघ्याच्या आसपास कुठेतरी विरून जातो. हा मात्र नोकरीचे पेढे घेऊन आला आणि थेट पावलापर्यंत पोचला. पोचला तो तिथेच राहिला. मला वाटलं, पोरगा भारावला. मी आशीर्वादाचा हात आणखी थोडा वेळ वर धरून ठेवला. पण पुतण्या पडला इंजिनिअर. तो खालूनच म्हणाला, "काका, हा अंगठा पंधरा-वीस डिग्री आउट आहे."

तो गेल्यावर मी खिडकीशी जाऊन पाय निरखले. माणूस दिवसातून दहा वेळा आरशात तोंड बघतो, पण पायांकडे बघायची त्याला कधी गरज वाटत नाही. शिवाय माझ्या आणि माझ्या पायांच्या मधे गेली काही वर्षं पोट नावाचा एक डोंगराळ प्रदेश आडवा आला आहे. तो ओलांडून पाहिलं, तर खरोखरच अंगठा करंगळीच्या दिशेला कलला होता आणि त्याच्या मुळाशी आतल्या अंगाला एक टेंगूळ आलं होतं. लोकलच्या बाकावर चौथी सीट मिळालेला माणूस जसा हळूहळू तिसऱ्याच्या अंगावर रेलतो, तसा हा अंगठा शेजारच्या बोटावर रेलला होता. ते बोट बिचारं संकोचाने अंग चोरून मधल्या पेरात वाकलं होतं. तेव्हा कुठे गेल्या दोन वर्षांतल्या ठणक्याचा उलगडा झाला. संध्याकाळी चवडा ठणकायचा, तो मी हवेवर ढकलत आलो होतो.

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि गंभीर आवाजात म्हणालो, "अगं, माझं पाऊल वाकडं पडतंय."

ही पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "आता? बासष्टाव्या वर्षी? आधी तिसरा मजला चढताना दम लागतो, त्याचं काय ते बघा."

एवढ्यावर गप्प बसणारा मी नव्हे. दुखणं आपल्यापुरतं ठेवणं हे माझ्या स्वभावात नाही. दोन दिवसांत सोसायटीभर बातमी झाली आणि सल्ले यायला लागले. तळमजल्यावरच्या आजोबांनी पाय न बघताच "युरिक ॲसिड!" असा निकाल दिला आणि माझ्या जेवणातून टोमॅटो, पालक आणि डाळ हद्दपार केली. समोरच्या काकूंनी निर्गुंडीचा पाला आणून दिला. नागपूरच्या अक्काने फोनवरून बिब्ब्याचा चटका द्यायला सांगितलं. बिब्बा म्हटल्यावर माझा दुसराही पाय थरथरला. अक्काच्या मताला आमच्या घराण्यात अपील नसतं, तरी मी मुकाट्याने हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढवला, तोही उभा राहून. म्हणाले, पायावर वजन पडल्याशिवाय त्याचं खरं रूप कळत नाही. मग फोटो दिव्यासमोर धरून म्हणाले, "बनियन आहे."

मी चटकन शर्टाच्या आत पाहिलं. होता.

"तो नव्हे. अंगठ्याच्या या टेंगळाला म्हणतात बनियन. आणि हे शेजारचं बोट वाकलंय, त्याला हॅमर टो. हॅमर म्हणजे हातोडी. आणि त्या बोटावर चप्पल घासून घट्टा झालाय, ते कुरूप."

एका पावलात बनियन, हातोडी आणि वर कुरूप! मी विचारलं, "हाड वाढलंय का?"

"वाढलेलं नाही. सरकलंय. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाकडे गेलं आणि अंगठा उलटा करंगळीकडे. दोघांची फारकत झाली, की मधला सांधा असा कोपरासारखा बाहेर येतो. एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही मिळून ५२. अख्ख्या शरीरात २०६."

मी बँकेतला माणूस. मनातल्या मनात भागाकार केला. म्हणजे एकूण ठेवींपैकी चौथा हिस्सा एकाच शाखेत, तीही तळमजल्यावर, आणि बासष्ट वर्षांत एकदाही इन्स्पेक्शन नाही!

"युरिक ॲसिड?"

"ते दुखणं एका रात्रीत येतं, लालबुंद सुजतं, चादर लागली तरी माणूस ओरडतो. तुमचं तसं काही नाही, रक्तही ठीक आहे. डाळ खा." तळमजल्यावरच्या आजोबांचा निकाल फिरला. मग त्यांनी बोट धरून हलकेच सरळ करून पाहिलं. झालं सरळ. सोडल्यावर पुन्हा वाकलं. डॉक्टर खूश झाले. "छान! अजून मऊ आहे. हाताने सरळ होतंय तोवर घरच्या घरी बरंच सांभाळता येतं. एकदा ताठ झालं की कठीण."

"म्हणजे सरळ होईल?"

"नाही. आहे तिथे राहील, दुखायचं कमी होईल, एवढं बघू. अंगठा मूळ जागी नेणारं घरगुती औषध नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका. ऑपरेशन असतं, पण ते दुखण्यासाठी करायचं, शोभेसाठी नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या आईचे पाय कसे होते? हे बऱ्याचदा घराण्यातून येतं."

मी गप्प झालो. आईच्या पायांवर मी आयुष्यभर डोकं ठेवलं. दहावीच्या निकालाला ठेवलं, नोकरीच्या पहिल्या दिवशी ठेवलं, दर दिवाळीला ठेवलं. पण ते पाय कसे होते, ते मला सांगता येईना. नमस्कार करताना मी डोळे मिटत असे.

"आठवत नाही," मी म्हणालो. डॉक्टरांनी बहुधा कागदावर तसंच लिहिलं.

नंतर चौकशी बुटांकडे वळली. माझा नंबर सात. कधीपासून? १९८६ साली बँकेच्या मुलाखतीसाठी पहिला काळा बूट घेतला तेव्हापासून. तेव्हा दुकानदाराने पाय मापला आणि सात म्हणाला. त्यानंतर सरकारं बदलली, व्याजदर बदलले, पण मी सातावर ठाम होतो. डॉक्टर म्हणाले, वय वाढतं तसा पाय पसरतो, थोडा लांबतोही. म्हणजे माझी पावलं आठाकडे निघाली असताना मी त्यांना टोकदार सातात कोंबून पाठवत होतो, आणि ती बिचारी आत चौथी सीट करून बसत होती. एक सोपी परीक्षा त्यांनी सांगितली. वर्तमानपत्रावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, तो आकार कापायचा आणि त्यावर बूट ठेवायचा. कागद बुटाच्या बाहेर दिसला, तर बूट अरुंद.

त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या पायाचा कारभार सुरू झाला.

सकाळी पंचा जमिनीवर पसरून तो बोटांनी गोळा करायचा. मग गोट्या. वीस गोट्या एक-एक करून पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकायच्या. हा व्यायाम माझा आठ वर्षांचा नातू मोजत असे आणि वाटीतल्या दोन गोट्या हळूच काढून परत खाली ठेवत असे. मला वाटायचं, वयामुळे मोजण्यात चूक होतेय. मग दोन्ही अंगठ्यांत मिळून एक रबर अडकवून ते एकमेकांपासून दूर ताणायचे. तिसऱ्या दिवशी रबर सुटलं ते थेट देव्हाऱ्यातल्या निरांजनावर. मग भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घेऊन, टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची, कारण पोटरी आखडली की चवड्यावर जास्त भार येतो म्हणे. मी अर्धा मिनिट असा भिंत ढकलत उभा राहिलेला पाहून कामवाल्या मावशी "दादा, पलीकडे कोण आहे?" म्हणून दार उघडून बघून आल्या.

मुलाने मोबाइलवरून एक रात्रीचा पट्टा आणि बोटांमधे घालायचे जेलीचे तुकडे मागवले. पट्टा मी एक रात्र बांधला. मध्यरात्री पाणी प्यायला उठलो तो टक-टक आवाजाने सगळं घर जागं झालं. जेलीच्या तुकड्यांनी मात्र आराम पडला. बोट बोटावर घासायचं थांबलं. एकदा ते धुऊन मी ओट्यावर वाळत टाकले, तर सुनेने बाळाची खेळणी समजून शेजारी परत केले. ते मिळेपर्यंत कापसाची घडी बोटांमधे ठेवून काम भागवलं. भागतं.

संध्याकाळी चवडा ठणकला की फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. बर्फ नको असेल त्या दिवशी कोमट पाणी. कोमटच. आमच्या मेव्हण्यांना मधुमेह आहे. पायाला कळत नाही, म्हणून त्यांनी कढत पाण्यात पाय बुडवले आणि पायाला फोड येऊन महिनाभर दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, साखर असेल तर पायावर घरगुती काहीच करायचं नाही. पाणी नाही, पट्टी नाही, कुरूप काढायची औषधी टिकलीसुद्धा नाही. रोज तळवे बघायचे आणि काही दिसलं की डॉक्टर गाठायचा. आणि बिब्बा तर साखर असो-नसो, कोणीच लावायचा नाही. अक्काला हे कळवायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

तर मी सोफ्यावर पाय टाकून बसे आणि स्वयंपाकघराच्या दिशेने हुकूम सोडत असे. अगं, बर्फ आण. अगं, पंचा. पाणी जरा गार वाटतंय, थोडं गरम घाल. ही आणून देई. ओट्यापासून सोफ्यापर्यंत, सोफ्यापासून ओट्यापर्यंत. पाय माझा दुखत होता आणि चालत ती होती, पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एका रविवारी नातवाला वर्तमानपत्रावर पावलं काढायचं वेड लागलं. माझं पाऊल काढलं. त्यावर बूट ठेवला, तर दोन्ही बाजूंनी कागद बोटभर बाहेर. सात नंबर एकोणचाळीस वर्षांनी निलंबित झाला. मग त्याने स्वतःचं काढलं, आईबाबांची काढली आणि ओरडला, "आजी, तू ये."

"माझं काय मेलं काढायचंय? कुकर झालाय."

तो हात धरून घेऊनच आला. ही पदर खोचून अर्थकारणाच्या पानावर उभी राहिली. नातवाने जीभ बाहेर काढून मन लावून पेन्सिल फिरवली. मग थांबला. "आजी, तू हललीस. बोटं एकावर एक आली."

"हलले नाही रे. तशीच आहेत ती."

मी वाकून पाहिलं. पोटाचा प्रदेश ओलांडून नीट पाहिलं. अंगठा माझ्या दुप्पट कलला होता आणि सरळ शेजारच्या बोटाच्या खाली शिरला होता. ते बोट वर उचलून आकड्यासारखं वाकलं होतं. त्याच्या पेरावर कुरूप होतं, जुनं, पिवळं, ब्लेडने तासलेलं. दुसऱ्या पायाची तीच कथा, थोडी कमी. आणि त्या बोटांत काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते ध्यानात यायला मला क्षणभर लागला.

"जोडवी कुठायत?"

"कपाटात."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली. २०१४ साली याच्या बापाचं लग्न झालं ना, चार दिवस उभं राहून बोट सुजलं. सोनाराकडून उकलून घेतली. सांगितलं होतं की तुम्हाला. तुम्ही पेपर वाचत होता. 'हूं' म्हणालात."

मी म्हणालो असणार. त्या 'हूं'ची सही मला ओळखता येते.

मी खाली बसलो आणि डॉक्टरांनी केलं होतं तसं ते बोट धरून सरळ करून पाहिलं. सरळ झालं नाही. जरासुद्धा नाही.

"दुखतं?"

"दुखायचंच. पायावर उभं राहायचं तर दुखणार." आणि मग, कुकरची वाफ गेली का ते मान वळवून बघत, म्हणाली, "सासूबाईंचे पण असेच होते. उजवा अंगठा तर अगदी तुमच्यासारखा. रात्री तेल लावताना म्हणायच्या, याला हात नको लावूस, हा भांडकुदळ आहे."

डॉक्टरांचा प्रश्न असा घरातच सुटला. उत्तर रोज माझ्यासमोर ताट वाढत होतं.

मंगळवारी मी हिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. यायला तयार नव्हती. "तुमचं चाललंय तेवढं पुरे, एका घरात दोन पाय कशाला?" म्हणत होती. डॉक्टरांनी ब्लेडबद्दल तिला चांगलं फैलावर घेतलं. एखादे दिवशी जखम होऊन बसली असती म्हणाले. साखर तपासली, नव्हती. बोट ताठ झालंय, व्यायामाने फरक पडायचा नाही, म्हणाले. कुरुपावर दाब येणार नाही अशी मऊ गोल गादी लावा, पुढून रुंद आणि उंच बूट घ्या, ओट्यापुढे जाड चटई टाका, तरीही दुखलं तर ऑपरेशनचा विचार करू. मग फाइल बंद करताना विचारलं, "सुरुवातीला का नाही आलात?"

"सुरुवात कधी झाली तेच कळलं नाही," ही म्हणाली. तिला कळलं होतं. तारीख-वारासकट कळलं होतं. ती माझ्याकडे न बघता बोलली, हा तिचा मोठेपणा.

बूट घ्यायला आम्ही संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय सुजतात आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. हे सगळं मी दुकानातल्या पोऱ्याला समजावून सांगितलं. दोन्ही पाय उभं राहून माप, मोठा निघेल त्याचा नंबर धर, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा ठेव. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि समोर बारीक टोकाच्या, सोनेरी बक्कल लावलेल्या चपला मांडल्या. "लेडीजमधे रुंद येत नाही, काका." सहा जोड झाले, सात झाले. मी खिशातून वर्तमानपत्राचं पाऊल काढून प्रत्येक चपलेवर ठेवून बघत होतो आणि दर वेळी शेअर बाजार बाहेर येत होता. शेवटी पोऱ्याने पुरुषांच्या कप्प्यातून काळे, मऊ कापडाचे, बोजड बूट काढले. त्यावर कागद ठेवला. आतच राहिला.

"साडीवर हे? लोक काय म्हणतील?" ही म्हणाली.

"लोक पायांकडे बघत नाहीत," मी म्हणालो. "मला विचार."

तिने घातले. बंद मी बांधले. गेल्या काही दिवसांत खाली वाकायची मला थोडी सवय झाली होती. उभी राहिली, दुकानातल्या आरशाकडे ढुंकूनही न बघता आरशापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. मी पोऱ्याशी किमतीवरून घासाघीस करत होतो. दीडशे रुपयांवर अडलं होतं. तेवढ्यात तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "काका, काकू गेल्या."

वळून पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. बाहेर आलो. ही रस्त्याच्या कडेने चालली होती, भाजीवाल्यांना मागे टाकून, रिक्षा स्टँडच्याही पुढे, मागे न बघता. दुकानात तिच्या जुन्या चपला पडल्या होत्या. अंगठ्याच्या जागी दोन्हींना आरपार भोक पडलं होतं. मी पोऱ्याला मागेल तेवढे पैसे दिले, त्या चपला पिशवीत घातल्या आणि तिच्यामागे निघालो. मी अजून सात नंबरातच होतो. तिला गाठेपर्यंत स्टेशन आलं.